दाराआडचा कोट

"काय दिसतंय, मिसेस थर्लो?"

मेव्हिसने सूक्ष्मदर्शकावरून डोळा उचलला नाही. काचेवरच्या थेंबात बघण्यासारखं काही नव्हतं, तरी ती बघत राहिली. पहाटेच्या तळ्यासारखा तो थेंब. वारा नाही, मासा नाही, काठावर कुणी नाही.

"पाणी," ती म्हणाली.

डॉक्टर फेरिबी गेले सहा आठवडे रोज सकाळी तिसऱ्या मजल्यावरून खाली येत आणि हेच विचारत. हिवाळाभर कसायाकडून बादल्या भरभरून डुकरांची मूत्रपिंडं आणून त्यांनी त्यातून एक एन्झाइम काढलं होतं. त्याचे स्फटिक झाले असते तर त्यांतून क्ष-किरण सोडता आले असते. मग फिल्मवर ठिपके उमटले असते आणि त्या ठिपक्यांवरून एन्झाइमची घडण कळली असती. पण स्फटिकच होत नव्हते.

"आता एन्झाइमची एकच नळी उरलीय. महिनाअखेरपर्यंत बघू, नाहीतर ती लंडनला देऊन टाकतो," फेरिबी म्हणाले. दाराशी जाऊन ते थांबले. "तुमचा दोष नाही हो. माझंच काढताना काही चुकलं असणार. रोज घरी जाऊन वह्या चाळतोय."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, असं मेव्हिसला वाटलं. कारण चूक कुणाची ते तिला ठाऊक होतं.

खोलीच्या कोपऱ्यात मिस्टर कॅचपोलची स्फटिक वाढवायची पेटी उभी होती. चहाच्या खोक्याच्या फळ्यांची, आतून जाड लोकर लावलेली. वर ऊब, खाली गारवा. आठ दिवसांच्या चावीचं एक जुनं घड्याळ आतले खण इतक्या सावकाश खाली उतरवायचं, की थेंबांना गार झाल्याचं कळूही नये. जुन्या इमारतीच्या तळघरात अकरा वर्षं त्या पेटीने कधी कुणाला रिकाम्या हाताने परत पाठवलं नव्हतं. नजर जाईपर्यंत मिस्टर कॅचपोल ती सांभाळत होते. शेवटची दोन वर्षं त्यांनी मेव्हिसला शेजारी बसवून शिकवलं.

एप्रिलमध्ये प्रयोगशाळेचं सगळं बिऱ्हाड या नव्या, पांढऱ्या फरशांच्या इमारतीत आलं. पेटी हातगाडीवरून आली. मेव्हिसने खण उघडले, तर कोपऱ्यांत करडी पुटं, तंबाखूचा भुगा, मांजराचे केस. तेव्हा टिली, तिची अडीच वर्षांची लेक, नुकतीच गोवरातून उठली होती. घरात बाटल्या, चमचे, बाहुलीचा झगासुद्धा मेव्हिस उकळून काढत होती. हात आपसूक चालले. सोडा, कढत पाणी, ब्रश. एकेक खण घासून तिने उन्हात मांडला. नव्या जागेत बाळाला ठेवण्याआधी पाळणा धुवावा, तसं तिला वाटलं होतं.

तिसऱ्या आठवड्यात, टिलीच्या डोक्यावर पाणी ओतताना, तिला मिस्टर कॅचपोलचं बोलणं आठवलं. "त्यांना ओळखीचं कुणीतरी लागतं, पोरी. अनोळखी जागेत पहिला स्फटिक यायला घाबरतो." तेव्हा ती हसली होती. आता पाण्याचा तांब्या तिच्या हातात तसाच राहिला. जुन्या स्फटिकांचा डोळ्यांना न दिसणारा चुरा त्या पुटांत होता, आणि त्याच्या कणांवरच नवे स्फटिक धरत. तोच तिने धुऊन नाल्यात सोडला होता.

तिने कुणाला सांगितलं नाही. टिलीच्या गोवरापायी आधीच नऊ दिवसांची रजा झाली होती. 'लेकुरवाळ्या बायकांना घेतलं की असंच', हे कॅन्टीनमध्ये कुणीतरी तिला ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं होतं.

शनिवारी टिलीला ढकलगाडीत घालून ती नदीकाठी, बोटींसाठी पाणी अडवणाऱ्या पाणदारांजवळच्या मिस्टर कॅचपोलच्या छोट्या घराकडे निघाली. विलो पाण्यात वाकून काही शोधत होते. बोटी आवाज न करता सरकत होत्या. सगळं इतकं संथ होतं, की आपण अजून थेंबातच बघतोय असं तिला वाटत राहिलं.

"कोण? थांब, सांगू नकोस!" आतून आवाज आला. "चाक करकरतंय म्हणजे मेव्हिस. तेल घालत जा की गं, बदकं उठली सगळी!"

मिस्टर कॅचपोलनी दार उघडलं. एक हात कडीवर, दुसरा दाराआड खिळ्याला टांगलेल्या तपकिरी कोटावर. कोट हाताला लागला की दार आलं, अशी त्यांची खूण होती.

चहा त्यांनीच ओतला, कपाच्या काठाशी बोट आत धरून.

"आजोबांचं बोट चहात!" टिली किंचाळली.

"माझ्याच कपात हं. तुझ्यात घालू?"

"नको!"

मेव्हिसने कप खाली ठेवला. "मिस्टर कॅचपोल, मी पेटी धुतली."

"कशानं?"

"सोड्यानं. कढत पाण्यानं."

"खणसुद्धा?"

"ब्रशनं घासले."

ते हसायला लागले, इतके की शेवटी खोकला आला. "अकरा वर्षं गं! अकरा वर्षं मी त्याला फडकं मारलं नाही, आणि डॉक्टरलोक म्हणायचे, कॅचपोलच्या हाताला जादू आहे. जादू कसली, घाण होती ती!" हसू ओसरलं. त्यांनी तळवे उताणे करून मांडीवर ठेवले. "थोडं हाताचंही असेल, असं मला वाटायचं."

"हाताचंही होतंच," मेव्हिस म्हणाली. पण फार लगेच म्हणाली.

ते उठले, भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले आणि कोट काढून त्यांनी तिच्यापुढे धरला. "तळघरात रोज हाच अंगात होता. चिमटा बाहीला पुसल्याशिवाय मी कधी खाली ठेवला नाही. डोरिस धुवायला मागायची, मी देत नसे. मग ती मला उभं करून अंगातच ठिगळं लावायची. शिव्या घालत."

कोपरावर तीन ठिगळं होती. बारीक, रागारागात घातलेले टाके. डोरिसला, त्यांच्या बायकोला, जाऊन तीन वर्षं झाली होती.

"नको, हा कसा नेऊ मी?"

"हातांनी ने. धुवू मात्र नकोस. आणि सोमवारी आधी फेरिबीला सांग. तो पोरगा मनाला लावून घेत बसला असेल."

सोमवारी तिने सांगितलं, कोटासकट. फेरिबी स्टुलावर बसले.

"सोडा?"

"हो."

"आणि मी सहा आठवडे डुकरांना आणि स्वतःला दोष देतोय." त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. रागावतील, असं वाटत असतानाच ते उठले आणि बाईमाणसाला घालायला धरतात तसा त्यांनी तो कोट दोन्ही हातांनी उघडून धरला. मेव्हिसने त्याच्या बाह्या एकेका खणावर झटकल्या. मग तिने शेवटच्या नळीतले थेंब मांडून घड्याळाला चावी दिली.

आठ दिवस पेटी उघडायची नव्हती. झोपलेल्या टिलीच्या नाकाखाली बोट धरून श्वास तपासणाऱ्या बाईला हे अवघड होतं. ते दिवस तिने पाण्याखाली चालल्यासारखे काढले. लोकांची बोलणी लांबून येत.

नवव्या सकाळी तिने डोळा लावला. तळ्याच्या तळाशी कुणीतरी दिवे लावून गेलं होतं. लहान, लांबट, कडा धारदार. तिने डोळा उचललाच नाही, आणि मागे उभ्या असलेल्या फेरिबींनी त्या दिवशी काही विचारलं नाही.

कोटानेच झालं का, कुणालाच छातीठोक सांगता आलं नाही. कोट मात्र पेटीशेजारी टांगलेला राहिला, आणि सफाईवालीला त्याला हात लावायची मनाई झाली.

पुढच्या शरदात छापलेला निबंध आणि स्फटिकांची एक छोटी कुपी घेऊन ती पुन्हा नदीकाठी गेली. दार ठोठावल्यावर आतून भिंत चाचपल्याचा आवाज येत राहिला. तळवा इथे, तळवा तिथे. मग खिळा सापडला असावा, कारण कडी निघाली.

"कोट परत आणू का?" तिने आत येताच विचारलं.

"तिथंच राहू दे, कामावर आहे तो. वाच बघू काय छापलंय."

"'स्फटिक मिळवण्यात आले.'"

"कुणी?"

"ते नाही लिहिलं. तळाशी पेटीबद्दल तुमचे आभार आहेत."

"कोटाचं?"

"कोटाचं काही नाही."

"बरं झालं. ठिगळं छापून आलेली डोरिसला खपली नसती."

त्यांनी कुपी खिडकीकडे धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब केली. मग टिलीकडे वळले. "आहेत का गं?"

"आहेत."

"किती?"

टिलीला तीनपर्यंतच येत होतं. "तीन," ती म्हणाली.

"मग पुष्कळ झाले."

निघताना ते दारापर्यंत पोचवायला आले. ढकलगाडीच्या चाकांना मेव्हिसने आठवणीने तेल घातलं होतं; आता त्यांचा आवाज येत नव्हता. पाणदारांशी पोचून तिने मागे पाहिलं, तर मिस्टर कॅचपोल उंबऱ्यात मान थोडी कलती करून उभे होते आणि मोकळ्या वाटेकडे बघत, अजून हात हलवत होते.