अण्णांच्या विमानाचा पत्रा

विजयनगरातल्या कल्याण मंटपात, म्हणजे तिथल्या मंगल कार्यालयात, दर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. विमानस्वामी 'देवांच्या विमानाचा' म्हणून ॲल्युमिनियमचा तुकडा ओल्या भगव्या फडक्याने पुसत, भक्ताच्या मुठीत ठेवत आणि डोळे मिटून विचारत, "तापला की नाही? नोडी, पाहा, वरून उत्तर आलं!" मूठ उघडली की पत्र्यावर राखाडी विभूती फुललेली. लोक ती जिभेवर ठेवत.

सरस्वतीबाई घरून आणत तो तुकडा मात्र खरोखर विमानाचा होता. सत्तर वर्षांपूर्वी, प्रवासी विमानं नवी असताना, त्यांचे वडील, अण्णा, एका विमानात बसले ते परतलेच नाहीत. विमान का पडलं, हे चौकशीतही उलगडलं नाही. देहाऐवजी घरी आला हा तळहाताएवढा पत्रा. तो देवघरातच राहिला.

"विभा, अण्णांचा हात होता ग! ऊन ऊन लागला!" रिक्षात आई हसत रडत होती.

सरस्वतीबाईंची ही लेक, विभावरी, शाळेत रसायनशास्त्र शिकवी. लबाडी तिला पहिल्याच दिवशी कळली होती. पण आईचा तो चेहरा पाहून ती गप्प बसली. दर गुरुवारी पत्रा झिजत गेला. आई राख पदरात बांधून आणते आणि रोज चिमूटभर खाते, हे मूत्रपिंडं निकामी झाल्यावर उघड झालं.

आईच्या तेराव्यानंतरच्या गुरुवारी विभावरी उरलेला पत्रा घेऊन व्यासपीठावर चढली.

"स्वामी, आज माझ्या फडक्याने पुसा. पाणी नळाचं."

"श्रद्धा लागते, अम्मा."

"आईची होती."

सगळ्यांसमोर स्वामींना पुसावंच लागलं. पत्रा थंडच राहिला. मग तिने चिमट्याने स्वामींचं फडकं उचललं, पत्र्यावर फिरवलं आणि तो ताटलीत ठेवला. राख फुलू लागली.

"घ्या प्रसाद. आधी तुम्ही."

स्वामी मागे सरले.

"घ्या की!" भक्तांतला हणमंत शिंपी ओरडला. "आम्हाला चाटवताना अमृत म्हणत होता ना?"

"फडक्यात पाऱ्याचा विषारी क्षार आहे," विभावरी म्हणाली. "तो लागला की ॲल्युमिनियम हवेतच तापतं, त्याची राख होते. यात वरचं कुणी नसतं."

"मग तुमच्या आजोबांचं विमान का पडलं, ताई?" पुढच्या रांगेतल्या अंबूताईंनी हळूच विचारलं.

"ठाऊक नाही. कुणालाच नाही. तेवढं म्हणायचं धैर्य नसलं, की उत्तर द्यायला असला कुणीतरी येतोच. पुढचा असा स्वामी आला, तर त्याचा प्रसाद आधी त्यालाच खायला लावा. आणि लबाडी कळली तर त्याच दिवशी बोला." तिने उरलेला पत्रा रुमालात गुंडाळला. "मी बोलले नाही."