तोतरा कारकून

फ्लीटवुडच्या जुन्या नाट्यगृहाला सर क्लिफर्ड थ्रेलफॉलचं नाव द्यायचं ठरलं, तेव्हा त्यानं चौऱ्याहत्तरी गाठली होती. समारंभाआधी तो थोरल्या भावाकडे, नॉर्मनकडे चहाला गेला.

नॉर्मननं उभा जन्म मासळीच्या धक्क्यावर काढला. बोलताना तो लहानपणापासून अडखळायचा. क्लिफर्डला लंडनच्या रंगभूमीवर नाव मिळालं तेच एका तोतऱ्या कारकुनाच्या भूमिकेनं. मग सिनेमे आले, बक्षिसं आली, राणीनं किताब दिला. हे तोतरेपण कुठून उचललंत, असं कुणी विचारलं की तो म्हणायचा, "आगगाडीत एक गृहस्थ भेटले होते." नॉर्मननं ते नाटक पाहिलेलंच नाही, या समजुतीवर क्लिफर्ड निवांत होता. चहा घेताना तो तसं बोलूनही गेला.

"पाहिलंय की!" हिल्डावहिनी कपात चहा ओतत म्हणाली. "कुणाला न सांगता लंडनला गेला होता. मध्यंतरात शेजारच्यानं विचारलं, कसं वाटतंय? हा उत्तर द्यायला गेला, तर तो माणूस पोट धरून हसला. म्हणाला, वा, काय हुबेहूब नक्कल करता! तसाच उठून घरी आला. पुढं दोन वर्षं दुकानात चिठ्ठी लिहून न्यायचा."

"ज-जाऊ दे ना गं," नॉर्मन म्हणाला आणि त्यानं केकची बशी धाकट्यापुढे सरकवली.

क्लिफर्डनं केकचा तुकडा बशीत परत ठेवला. मान वर करून भावाकडे बघायची त्याची छाती झाली नाही.

समारंभात भाषणं झाली आणि नगराध्यक्षबाई हसत म्हणाल्या, "आता तो कारकून एकदा होऊन जाऊ दे!" टाळ्यांचा कडकडाट झाला. नॉर्मन पहिल्या रांगेत बसला होता.

"नाही करणार," क्लिफर्ड म्हणाला. "तो आवाज माझा नव्हताच. माझ्या भावाचा होता. मी त्याला न विचारता चोरला, आणि आयुष्यभर खोटं सांगत आलो."

मग चारशे माना एकदम नॉर्मनकडे वळल्या. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. मागचे लोक त्याला बघायला उठून उभे राहिले. नॉर्मन कानापर्यंत लाल झाला आणि मांडीवरल्या टोपीकडे बघत राहिला.

आपण याला पुन्हा एकदा लोकांपुढं उभं केलं, हे क्लिफर्डच्या तेव्हा ध्यानात आलं.

बाहेर वहिनीनं त्याला गाठलं. "त्याच्याशी घरी बोलला असतास तर जीभ झडली असती का रे तुझी?"

क्लिफर्डनं भावाला शोधत रस्त्याकडे पाहिलं. नॉर्मन केव्हाच बसच्या थांब्याकडे चालू लागला होता.