चारशे बारा, एकही जास्त नाही

कोरडा तलाव, तळाशी निळ्या रंगाचे पापुद्रे.

नऊशे माणसांची रांग आणि फुकटचे टी-शर्ट.

अर्धा खाल्लेला चोरिझोचा, म्हणजे तिखट सॉसेजचा, पाव.

रविवारी न येणारी रुग्णवाहिका.

एक डॉलर वीस सेंट.

मित्रांनो, या सगळ्यांना एकत्र बांधणारा मी. मी एक जुना गणक आहे. मुठीत मावणारा पत्र्याचा गोल डबा, वर एक कळ, पुढे चार आकड्यांची खिडकी. कळ दाबली की टिक्, एक आकडा पुढे. मागे जाणे मला येत नाही; बाजूची खुंटी फिरवली की थेट शून्य.

माझी कीव करू नका. मी पोचे पडलेला आहे, पण बिघडलेला नाही.

जुनिपर फ्लॅट गावाच्या पोहण्याच्या तलावावर मी सतरा उन्हाळे काढले. आत जाणाऱ्या प्रत्येक मुलामागे एक टिक्. माझे फार कौतुक होई. मग सरकारी अनुदान वाढावे म्हणून एका मुलामागे दोनदा कळ दाबायचा हुकूम आला. मी दोन म्हणालो. हो, मी खोटे बोललो आहे. त्या फुगलेल्या आकड्यावर गावाने कर्ज काढून तलाव वाढवला. हप्ते झेपेनात. आधी रविवारची रुग्णवाहिका बंद झाली, मग तलावही. मी नगरपालिकेच्या खणात पडलो, गंजक्या किल्ल्यांच्या शेजारी.

अनेक वर्षांनी तो खण ऑगस्टा उरियार्ते यांनी उघडला. त्या आता गावाच्या खजिनदार होत्या. आमच्या ऑरेगन राज्यात करमणुकीचा गांजा उघडपणे विकता येऊ लागला होता, सीमेपलीकडच्या आयडाहो राज्यात नाही. आपल्याही गावात दुकान येणार, त्यावर शेकडा तीन कर बसणार. तो किती येईल? महापौर वेंडेल स्प्रॅग यांचा अंदाज तयार होता: वर्षाला चार लाख डॉलर. त्या भरवशावर कर्ज काढून तलाव पुन्हा उघडायचा. बँकेला फक्त अंदाजावर खजिनदारांची सही हवी होती.

ऑगस्टा मला घेऊन शेजारच्या कॉर्डर गावी गेल्या आणि तिथल्या गांजाच्या दुकानासमोर गाडी लावून बसल्या. सोमवार, बुधवार, शुक्रवार. एक माणूस आत, एक टिक्. तिसऱ्या दिवशी दुकानाचा पहारेकरी काचेशी आला.

"बाई, एकतर आत या, नाहीतर घरी जा. गिऱ्हाइकांना वाटतंय तुम्ही पोलीस आहात."

"पोलीस पाव खात बसतात का? बरं, एकजण साधारण कितीचा माल नेतो?"

"चाळीस डॉलरचा. आणि बहुतेक सगळे आयडाहोचे. का, दुकान टाकताय?"

"छे. तुझं गिऱ्हाईक अर्धं करायला आलेय."

चाळीसवर शेकडा तीन, म्हणजे माणशी एक डॉलर वीस सेंट. सोमवारी शहाण्णव माणसे, बुधवारी एकशे बावीस, शुक्रवारी चारशे बारा. सरासरी दोनशे दहा. वर्षाचे ब्याण्णव हजार. आणि दुकाने दोन झाली की तेच गिऱ्हाईक वाटले जाणार. शेहेचाळीस हजार.

पुढच्या मंगळवारी नगरपालिकेच्या सभेत वेंडेल उसळले. "अगं, मी डोळ्यांनी पाहिलीत नऊशे माणसं!"

"कॉर्डरचं दुकान उघडलं त्या दिवशी. टी-शर्ट फुकट होता, वेंडेल. तू आता घातलायस तोच."

सभा हसली. वेंडेल हसले नाहीत. "आपलं दुकान आलं की गिऱ्हाईक वाढेल."

"आपण दुकान काढलं म्हणून आयडाहोची माणसं दुप्पट ओढणार?"

वेंडेलनी मला टेबलावरून उचलले. खिडकीत अजून शुक्रवारचा आकडा होता. त्यांनी अंगठा चालवला. टिक् टिक् टिक्. "बघ! किती सोपं आहे! गावाला तलाव हवाय, ऑगस्टा. सही कर, नाहीतर खुर्ची सोड."

खिडकीत चारशे एकतीस.

ऑगस्टांनी वही उघडली. "माझे चारशे बारा इथे आहेत. हे वरचे एकोणीस तुझ्या अंगठ्याचे. कर त्यांच्याकडूनच घे. सही मी शेहेचाळीस हजारांवर करेन. खुर्ची हवी असेल तर ने, पाय जरा डुगडुगतोय."

मतदान झाले. तीन विरुद्ध दोन. शेहेचाळीस हजार मंजूर, कर्ज रद्द.

त्या रकमेत तलाव बसत नव्हता. रविवारची रुग्णवाहिका बसली. खुर्ची राहिली. पण ऑगस्टांच्या फाटकावर कोणीतरी पोहण्याची फाटकी रबरी ट्यूब टांगली. "पोरांचा तलाव खाल्लास," चोरिझोचा पाव विकणारी बाई तोंडावर म्हणाली. ऑगस्टांनी पाव घेतला. ट्यूब काढली नाही.

मित्रांनो, मला पुसू नका, तेल घालू नका, काचेच्या कपाटात मांडू नका. एवढेच करा: आधी माणूस बघा, मग कळ दाबा. तेवढे जमत नसेल, तर मला खणात राहू द्या. दोन म्हणायला मी पुन्हा येणार नाही.

१९७४च्या जूनमध्ये तलाव उघडला, तेव्हा मी मोजलेले पहिले मूल आठ वर्षांची एक मुलगी होती. तिचे नाव ऑगस्टा उरियार्ते.