गाळून घेतलेलं पाणी

सिल्वासाच्या प्रदूषण नियंत्रण कचेरीत मीनाक्षीने दोन वर्षं कॉम्प्युटरपुढे डोळे फोडले होते. नाशिकहून ती आली होती ती एकाच कामासाठी: कारखान्यांचा किती गाळ नदीत उतरतो आणि नदी तो किती सोसेल, याचं गणित मांडायला. रोजंदारीवरचा भिका दर सोमवारी खडोली गावाखालून नदीच्या पाण्याच्या बाटल्या तपासणीसाठी भरून आणी. आकडे इतके साजरे निघाले की त्यांच्या जोरावर आणखी सात कारखान्यांना परवानगी मिळाली. काठावर मात्र बाईसाहेब एकदाही फिरकल्या नव्हत्या.

१९९४ च्या मार्चमध्ये एकदाची ती गेली. नाकाला ओढणी लावून उभी राहिली. पाणी काळंशार. भिकाने बाटलीच्या तोंडावर चौपदरी फडकं धरलं आणि पाणी गाळून भरलं.

"भिकाभाऊ, हे काय?"

"मॅडम, तुम्ही एवढ्या शिकेल बाई. तुमले घाण पाणी कसं देऊ? पयल्या दिवसापासून गाळूनच देतो."

फडक्यावर चिकट काळा थर जमला होता. दोन वर्षांतला तेवढाच काय तो खरा आकडा, आणि भिकाने तो तिच्यादेखत नदीत खळखळून धुऊन टाकला.

तिने तडक कचेरीतल्या मोठ्या साहेबांना गाठलं. सगळे आकडे खोटे आहेत, परवानग्या थांबवा, म्हणाली. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"भिकाला कायम करून टाका," ते म्हणाले.

पुढच्या सोमवारी भिका तिच्यासाठी पेढे घेऊन आला. खांद्यावर नवं कोरं फडकं होतं.