घड्याळवाल्या काकांची गाडी

घड्याळवाल्या काकांची गाडी टोचन लावून माझ्या गॅरेजात आणली, तेव्हा अपघाताला महिना झाला होता. बंपर आत गेलेला, डावा दिवा फुटलेला. उतारावरून येताना ती वळणावरच्या भिंतीवर आदळली होती. काकांना नुसतं खरचटलं. शेजारी बसलेल्या काकू आठव्या दिवशी गेल्या.

“चालू करून द्या फक्त, दादा,” त्यांची मुलगी म्हणाली. “विकून टाकायचीय. बाबांच्या हातात परत किल्ली द्यायची नाही.”

काकांनी ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला, हे सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं. पंचाहत्तरी उलटलेला माणूस, दुसरं काय असणार? ते पहिल्या दिवसापासून सांगत होते, पाय ब्रेकवरच होता, पेडल दगडासारखं झालं होतं. कोणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीही नाही.

बॉनेट उघडून इंजिन चालू केलं. गाडी जागेवर उभी, तरी आवाज वर चढायचा, मग बंद पडेल असं वाटेपर्यंत खाली यायचा, की पुन्हा वर. माझं डोकंच फिरलं, कारण हे दुखणं मी बरं केलं होतं. अपघाताच्या आठवडाभर आधी काका हीच तक्रार घेऊन आले होते. आयुष्यभर बारीक घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, मिनिटाला अकरा वेळा वरखाली होतं हे मोजून आला होता. पण त्या दिवशी तीन गिऱ्हाइकं माझ्या डोक्यावर बसलेली. मी स्क्रू अर्धा आटा फिरवून इंजिनाचा वेग वाढवला, आवाज स्थिर झाला, वेळ मारून नेली. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं मी एरवी दुसऱ्या मेकॅनिकांना हसतो.

“ब्रेकही जरा कडक लागतो रे,” जाताना ते म्हणाले होते.

“काका, ब्रेक कडक नाही, तुमचा पाय नरम झालाय!”

सगळे हसले. तेही हसले बिचारे.

आता मी स्क्रू मागे फिरवला. नको तिथून हवा आत शिरली की इंजिन असं वरखाली करतं, म्हणून एकेक रबरी पाइप पकडीने चिमटत गेलो. पहिल्याने काही फरक पडला नाही. दुसऱ्यानेही नाही. तिसरा चिमटला आणि इंजिन शहाण्यासारखं चालायला लागलं.

तो पाइप ब्रेकला जातो. इंजिनाची ओढ त्यातून ब्रेकला मिळते, म्हणून हलक्या पायानेही गाडी थांबते. क्लिपच्या खाली तो अर्ध्याहून जास्त फाटला होता. चीर ताजी नव्हती, कडा काळ्या पडल्या होत्या. मी सीटवर बसून ब्रेक दाबला. माझा धडधाकट पाय, सगळा जोर लावला, तरी पेडल जेमतेम हललं.

नवा पाइप बसवून गप्प राहता आलं असतं. गाडी जाणारच होती, कोणाला काय पत्ता लागणार? खोटं कशाला बोलू, तासभर मी तोच विचार करत बसलो होतो. मग फाटका पाइप खिशात घातला आणि त्यांच्या घरी गेलो.

काका खिडकीशी बसले होते. मुलगी कपड्यांच्या घड्या घालत होती. पाइप टेबलावर ठेवून मी सगळं सांगितलं, स्क्रूचंसुद्धा.

“म्हणजे बाबांनी ब्रेकच दाबला होता?” मुलीने विचारलं.

“हो.”

तिला बापाकडे बघवेना.

काकांनी पाइप डोळ्यांजवळ नेला, नखाने चीर उघडून पाहिली. “परवाच मी या पोरीसमोर कबूल केलं, चूक माझी म्हणून,” ते म्हणाले. “महिनाभर सगळे तेच सांगत होते. मग मलाही आठवायला लागलं रे, पाय कसा चुकला ते. अगदी स्पष्ट.”

लाज वाटत होती आणि पळून जावंसं वाटत होतं.

“किती वेळ लागला तुला हे शोधायला?”

“दहा मिनिटं.”

“मग त्या दिवशी का नाही सापडलं?”

“त्या दिवशी शोधलंच नाही, काका.”