अर्धी प्रदक्षिणा

पाटाशी येताच क्षमाने सासूबाईंचा हात धरला आणि दोघी आल्या वाटेने मागे वळल्या.

"गे, मध्येच कशाक फिरल्यात?" बाकावरच्या सुशीलाकाकींनी विचारलं. कॉलनीतली एखादी खबर कळली नाही तर काकींच्या घशाखाली घास उतरत नसे.

"शंकराची प्रदक्षिणा अर्धीच आसता," सत्यवतीबाई म्हणाल्या. "पाणी ओलांडूचा नसता."

डिचोलीतल्या त्या एवढ्याशा बागेत शंकर कुठला! मधोमध कारंजं, त्याचं सांडलेलं पाणी झाडांकडे नेणारा वीतभर पाट, एवढंच. पण अर्धांगाच्या झटक्यानंतर सत्यवतीबाई डावा पाय ओढत चालत होत्या. पहिल्याच दिवशी तो पाटावरून उचलेना. त्या मटकन खाली बसल्या आणि बॅडमिंटन खेळणाऱ्या मुली धावत आल्या. उभा जन्म ताठ मानेने काढलेली बाई, ती मग घराबाहेरच पडेना. तेव्हा आयुष्यात एक सोमवार न धरलेल्या क्षमाने हा शंकर शोधून काढला.

"कारंज्याक देव केलंस गे?" सत्यवतीबाई हसल्या होत्या. आजारपणानंतर पहिल्यांदाच. आणि त्यांनी चपला पायात सरकवल्या होत्या.

तोवर दोघींचं बोलणं मीठमिरचीपुरतं. सासूबाई मुळगावला थोरल्या मुलाकडे राहायच्या, इथे आल्या त्या फक्त पाय बरा होईपर्यंत. हात धरून फिरता फिरता त्या एकेक सांगू लागल्या. पेडण्याचं माहेर, लग्नाआधीच तापाने गेलेली लेक, जिचं नाव घरात कोणी काढत नसे. क्षमाची स्वतःची आई ती शाळेत असतानाच गेलेली. ही फेरी संपूच नये असं तिला वाटे. पाय जरा सुधारलेला दिसला की आनंद व्हायचा आणि त्या आता परत जातील ही धास्तीही वाटायची. मग तिला स्वतःचीच लाज वाटायची.

शनिवारी बँकेतून ती लवकर सुटली. बागेच्या कुंपणाशी स्कूटर थांबवते तर आत सत्यवतीबाई एकट्याच. पदर खोचून झपझप आल्या, पाट सहज ओलांडला आणि पुढची फेरी धरली. क्षमाने स्कूटर ढकलत गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत नेली, मगच सुरू केली.

संध्याकाळी दोघी नेहमीसारख्या बागेत आल्या. पाटाशी सत्यवतीबाईंचा पाय अडला. त्यांनी हात पुढे केला. क्षमाने तो धरला, रोजच्यापेक्षा जरा घट्ट.

तेवढ्यात पर्समधला फोन वाजला. मुळगावहून थोरले दीर, सुदेश.

"आईचो पाय कसो आसा? उद्या आयतारा गाडी घेवन येव काय?"

क्षमाने सासूबाईंकडे पाहिलं. त्या कारंज्याकडे बघत होत्या. हात त्यांनी सोडला नव्हता.

"इतक्यात नको, दादा," क्षमा म्हणाली. "पाय अजून उचलना नाय त्यांचो."