मी तुझी कोण

शिआओमान म्हातारीच्या पायाची नखं कापत होती. पहाटेपासून टोफूच्या गाडीवर उभं राहून तिचे स्वतःचे पाय भरून आले होते.

"हळू काप गं. बोटं माझी आहेत."

"मग पाय हलवू नकोस, आत्या."

ही आत्या म्हणजे तिची सख्खी आई. चीनच्या जिआंगशी प्रांतातल्या त्यांच्या खेड्यात तेव्हा पहिली मुलगी असेल तरच दुसऱ्या, आणि शेवटच्या, अपत्याची सरकारी परवानगी मिळे. थोरली मुलगी होतीच. दुसरा मुलगाच हवा होता, आणि झाली शिआओमान. बाराव्या दिवशी तिला टोपलीत घालून मामाकडे पोचवलं. मामाच्या घरात तिची नोंद झाली, मामा बाबा झाला आणि जन्म देणारी आत्या झाली. दोन वर्षांनी मुलगा, वेइपिंग, झाला, तेव्हा फटाक्यांच्या धुराने अंगण दिसेनासं झालं म्हणतात.

तो वेइपिंग आता शेन्झेनहून महिन्यातून एकदा फोनवर दर्शन देतो. थोरली लांब दिलेली. नवरा गेल्यावर म्हातारीचं डोकं चालेनासं झालं तेव्हा करायला कोण, तर जी कुणालाच नको होती ती. शिआओमानला या गोष्टीचा राग येई, आणि रोज ती चार मजले चढून येई. सगळं विसरून जायच्या आत म्हातारीने एकदा आपल्याला लेक म्हणावं, एवढंच तिला हवं होतं. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सदतिसाव्या वर्षी असलं काही सांगायची लाज वाटते.

दार वाजलं.

"आजी, वस्तीच्या कार्यालयातून आलेय. पेन्शनसाठी हयातीची तपासणी आहे."

म्हातारीने खिडकीच्या गजांतून बाहेर पाहिलं. निळं जाकीट, बगलेत फाइल; पूर्वी खेड्यात पोरं मोजायला येणारे असेच दिसत. तिचा चेहरा उतरला. तिने शिआओमानचं मनगट घट्ट धरलं, तिला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि दाराआड ढकललं.

"आवाज करायचा नाही. खोकायचं पण नाही."

शिआओमान भिंतीला टेकून उभी राहिली. वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं.

"घरात कोण कोण असतं, आजी?" बाहेर कार्यालयातल्या त्या मुलीने विचारलं.

"मी, नवरा आणि आमची मुलगी. एकच आहे."

"आणि रोज येतात त्या ताई?"

"ती भावाची पोरगी. आमची नाही. हवं तर घर बघा."

"घर कशाला बघू? इकडे फोनकडे बघा. डोळे मिचकावा. आता तोंड उघडा. झालं, आहात तुम्ही जिवंत."

पावलं जिना उतरून गेली. 'आमची नाही' हे शब्द शिआओमानला नवे नव्हते, तरी ते लागले. डोळे पुसायला तिने बाही वर केली, तोच म्हातारी आत आली. तिने शिआओमानची हनुवटी धरली. शिआओमानच्या लहानपणी, नव्या वर्षाला म्हातारी मामाकडे येई, तेव्हाही असंच धरून एक प्रश्न विचारायची आणि बरोबर उत्तर मिळालं की मगच हातावर गोड गोळ्या ठेवायची.

"मी तुझी कोण?"

चार वर्षांची असल्यापासून याचं उत्तर शिआओमानला पाठ होतं. पण आज ती फार थकली होती.

"आई."

म्हातारीने तिच्या तोंडावर हात दाबला.

"त्यांनी ऐकलं असतं म्हणजे? मग मला मुलगा होऊ देतील का? नीट सांग. मी कोण?"

शिआओमानने तो हात हळूच बाजूला केला. म्हातारी खरोखरच घाबरली होती.

"आत्या."

म्हातारीचा जीव भांड्यात पडला. तिने शिआओमानला जवळ ओढलं, डोकं खांद्यावर घेतलं आणि केसांवरून हात फिरवत राहिली. असं तिने पूर्वी कधी केलं नव्हतं.

"शहाणी गं माझी लेक," ती कानाशी म्हणाली, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात.